दहाला वाटा

पटांगणात खताची रिकामी पोती उलटी करून अंथरली आहेत. एका पोत्यावर एक दुकान. सकाळचे साडेनऊ वाजलेत. चावंडच्या कड्यावर ऊन आलंय, खाली शाळेत यायचंय, आणि जानेवारीचा गारठा अजून हलायला तयार नाही.

जुन्नरहून माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं नाणेघाटाकडे निघालं की जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावाची ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, तीसेक पोरं. आज आनंद बाजार आहे. घरचा, रानातला माल पोरांनी आणायचा, भाव घरी विचारून ठरवायचा, मांडायचा, विकायचा, आणि दुपारी हिशेब वहीत लिहायचा. मोठ्या माणसांनी दुकानावर बसायचं नाही. हा शेवटचा नियम सरांनी फळ्यावर लिहून फळाच बाहेर आणून ठेवलाय. खाली दोन रेघा ओढल्यात.

"हाच मोडतात," सर म्हणतात.

पहिलं दुकान मेथीचं. वीस जुड्या, ओल्या फडक्याखाली, सगळे देठ एका बाजूला. मागे चौथीतली एक मुलगी. दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात आईचा स्वेटर, बाह्या तीनदा दुमडलेल्या.

"मेथी कशी?"

ती माझ्याकडे बघते, मग मेथीकडे. एक जुडी उचलून माझ्यापुढे सरकवते.

"कशी दिलीस?"

ओठ हलतात. आवाज बाहेर येत नाही. शेजारच्या पोत्यावरचा बोरंवाला मदतीला धावतो, "पंधराला एक हाय तिची."

माझ्या खिशात दहाची एक नोट आणि पाचशेची एक. पाचशेची बघून ती मान आडवी हलवते. मी दहा पुढे करतो. "पाच राहिले हं. जाताना देतो." आता मान उभी हलते. नोट ती कपाळाला लावते आणि मांडीखाली ठेवते. भवानी झाली.

सर मला बाजूला घेऊन सांगतात, ही वर्गात धडा घडाघडा वाचते, पाढे सगळे पाठ. फक्त हिला कोणी काही विचारलं की संपलं. मला त्याचं नवल वाटत नाही. शाळेत मला उभं करून जो जो प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं. ठाऊक असून विचारतोय म्हणजे आपल्याला पकडायलाच विचारतोय, अशी माझी खात्री होती, आणि जीभ टाळ्याला चिकटायची. मेथीचा भाव मात्र मला खरंच माहीत नव्हता.

बोरंवाल्याला असल्या अडचणी नाहीत. तिसरीतला आहे, पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'स' शिट्टीसारखा येतो. त्यानं बोरांचे बारा वाटे लावलेत. जवळ वाकून बघितलं तर प्रत्येक वाट्याखाली वाळल्या गवताची चुंबळ आहे, म्हणजे वाटा फुगलेला दिसतो. "कोणी शिकवलं रे?" तो हसतो. "आज्जीनं."

"ए, दहाला वाटाऽ, दहाला वाटाऽ, गोड बोरं, दहाला वाटाऽ!"

ही चाल पुस्तकातली नाही. जुन्नरच्या बाजारात आईचा पदर धरून फिरताना ती कानात बसलेली आहे. शेवटचा 'टा' तो बरोबर तिथं सोडतो, जिथं बाजारातले सोडतात.

एक आजी येते. नऊवारी, डोईवर पदर, हातात काठी. वाट्यापुढे उकिडवी बसते आणि एक बोर चाखून बघते. विचारत नाही. चाखून बघणं हा हक्कच आहे.

"आंबाट हाय. दहाला दोन दे."

"आज्जी, दहाला दोन दिलं तर आई मला जेवाया नाय द्यायची."

"मग माझ्याकडं ये जेवाया."

बाजूचे हसतात. पोरगा क्षणभर गडबडतो. याचं उत्तर त्याच्याकडे तयार नाही. मग सावरतो. "येतो की. पण बोरं दहालाच."

"बरं, वर टाक चार."

तो दोन टाकतो. आजी त्याच्या तोंडाकडे बघत राहते. तो तिसरं टाकतो. आजी उठते. चार मागितली, दोन दिली, तीनवर मिटलं, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतंय. वाटाघाटींचे वर्ग चालवणारे लोक याचे किती पैसे घेतात ते मला माहीत आहे.

पलीकडे वाटाण्याच्या शेंगांपुढे गर्दी आहे, कारण तिथं तागडी आहे. रंगाच्या डब्याची दोन झाकणं, सुतळी, मधोमध भोक पाडलेली काठी. भोक नीट मधोमध पडलेलं नाही. रिकामी तागडी उजवीकडे झुकते, म्हणून डाव्या झाकणात एक खडा ठेवलाय. तो खडा हा या दुकानातला सर्वांत मोलाचा ऐवज. दुकान चालवणाऱ्या दोघांपैकी धाकट्याचं एकच काम: खडा कुणी उचलू नये.

"हा कशाला?" मी मुद्दाम विचारतो.

"पासंगाला."

"म्हणजे?"

धाकटा माझ्याकडे दयेनं बघतो. शेंगा काढून घेतो, खडा उचलतो, तागडी उजवीकडे पडते. खडा ठेवतो, तागडी सरळ होते. झालं. व्याख्या सांगायच्या फंदात तो पडत नाही. 'पासंगालाही पुरायचा नाही' हे मी आयुष्यभर लोकांबद्दल म्हणत आलोय. तो पासंग इतक्या जवळून बघायला पन्नाशी उलटावी लागली.

वजनं दगडांची आहेत. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणलेले तीन दगड, प्रत्येक फडक्यात बांधलेला, वर पेननं लिहिलेलं: पाव, अर्धा, एक. एक बाई पावशेर मागतात. थोरला पोरगा थबकतो. "पावशेर नाय. पाव हाय."

"अरे तेच ते."

"शेर म्हंजे काय मग?"

आता बाई थबकतात. त्यांनाही सांगता येत नाही. शेर कायद्यानं जाऊन साठ वर्षं उलटून गेली. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, दशमान नाणी १९५७ ची. पण पावशेर जिभेवरून गेलेला नाही, तसे बारा आणेही गेलेले नाहीत. बाई म्हणतात, "आमची आई म्हणायची." पोराला एवढं पुरतं.

मग मी माझं गिऱ्हाईकपण गाजवतो. "पाऊण किलो दे."

पाऊणचा दगड नाही. दोघे एकमेकांकडे बघतात. धाकटा अर्ध्याचा दगड ठेवतो, थोरला त्यावर पावाचा. शेंगा भरतात, काठी सरळ होते, वर दोन शेंगा पडतात. भाव चाळीस रुपये किलो.

"किती झाले?"

"अर्ध्याचे वीस," थोरला बोटानं दगडाला हात लावून म्हणतो, "ह्या पावाचे धा. तीस."

पैसे दगडांवर लिहिल्यासारखे तो वाचून दाखवतो. मला ब्राझीलमधला एक पोरगा आठवतो. रेसिफे शहरातल्या रस्त्यांवर विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली छापून आला होता. नारळ पस्तीसला एक, गिऱ्हाईकाला हवेत दहा. बारा वर्षांचा तो पोरगा पस्तीसपुढे शून्य मांडत नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे दोनशे दहा, असं चढत चढत साडेतीनशेला पोचतो. तीनचा भाव त्याला पाठ आहे, म्हणून तो तिथून निघतो. हा दगडांपासून निघतो. आपली पावकी, निमकी, पाऊणकीची आजोबांच्या काळातली कोष्टकं अशाच कुठल्या तरी तागडीपाशी जन्मली असणार.

कुंपणापाशी बाप उभे आहेत. त्यांना आत यायला बंदी आहे आणि बाहेर राहवत नाही. वाटाणेवाल्याचा बाप तारेवरून वाकून ओरडतो, "अरे, वर दोन कशाला टाकतो? सरळ झाली की बास!"

"दादा, लांबून," सर फळ्याकडे बोट दाखवतात.

बाप मागे सरतो. नजर मात्र तागडीवरच. या पट्ट्यातली माणसं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, पोत्यात भरून विकायला नेतात. प्रत्येक खेपेला काटा समोरच्याच्या हातात असतो आणि आपण काट्याकडे बघायचं असतं. किती भरलं हे तो सांगतो. आज पहिल्यांदा घरातल्या कुणाच्या तरी हातात तागडी आहे. बापाचा ओरडा मला त्यामुळे माफ करावासा वाटतो. सर मात्र माफ करत नाहीत.

साडेदहाला प्रमुख पाहुणे येतात. माईक दोनदा शिट्टी मारतो. भाषण सुरू झाल्यावर विक्री थांबवायची असं ठरलंय. पाहुणे मुलांना सांगतात की आजचं युग हे संवादाचं युग आहे. पाच मिनिटं होतात, दहा होतात. भेळवाली अस्वस्थ. तिनं पहिल्या गिऱ्हाइकासाठी कालवलेली भेळ तशीच पुढ्यात आहे, मऊ पडायला लागलीय. पंधराव्या मिनिटाला ती गुडघ्यांवर सरकत पहिल्या रांगेत जाते आणि एका पालकाच्या कानाशी लागते. काय बोलते ऐकू येत नाही. पालक वीस रुपये काढतात, द्रोण घेतात. ती तशीच मागे सरकत येते. पाहुणे संवादावर बोलतच आहेत.

टाळ्या. बाजार पुन्हा उघडतो.

मेथीवालीच्या अठरा जुड्या अजून शिल्लक आहेत. मी एक नेली, दुसरी भाषणाआधी पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं, तीही न बोलता झालेली: त्यानं बोट दाखवलं, तिनं जुडी दिली, पंधरा रुपये बोरंवाल्यानं सांगितले. आता बोरंवाला स्वतःच्या गिऱ्हाइकांत गुंतलाय.

बोरं घेऊन गेलेली आजी परत येते. मेथीपुढे बसते. जुडी उलटी करून देठ बघते.

"कितीला गं?"

"पंधरा." ओठांवरून वाचता येईल इतपत.

"आं?"

"पंधरा."

"मोठ्यानं बोल गं बाय. मला कमी ऐकू येतं."

मुलगी डावीकडे बघते. बोरंवाला पाठमोरा. सर लांब, आणि मला वाटतं ते मुद्दामच लांब. आजीनं कानाला हात लावलाय, तोंड पुढे केलंय. तिला चिडायचं नाही, पकडायचं नाही. तिला मेथी हवी आहे आणि ऐकू येत नाही, एवढंच.

"पंधराऽ!"

अख्खं पटांगण वळून बघतं. मुलीचे कान लाल होतात. आजीला कशाचंच काही नाही. "मग असं सांगावं की. दोन दे. कवळी बघून दे."

"तीस झाले," मुलगी म्हणते. आवाज पुन्हा खाली येतो, पण पहिल्याइतका खाली नाही.

मी आणखी तिथं उभा राहिलो असतो तर ती पुन्हा गप्प झाली असती. म्हणून मी निघतो.

फाटकापाशी नाणेघाटाकडे निघालेले दोन तरुण मोटारसायकल थांबवून आत आलेत. त्यांना साठ रुपयांची गावरान अंडी हवीत, आणि रोख नाही. "क्यूआर आहे का?" आहे. अंडीवाल्यानं बापाच्या फोनपेच्या खुणेचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून आणलाय. पैसे जातात. पण फोन कुंपणापलीकडे बापाच्या खिशात, आणि त्या खिशात रेंज नाही. पोरगा कुंपणापर्यंत धावत जाऊन येतो. "पप्पांना नाय आले."

"अरे, गेलेत बघ ना," तरुण पडदा दाखवतो. हिरवी खूण, खाली इंग्रजी.

पोरगा अंडी सोडत नाही. पडदा दोन्ही हातांनी धरतो. आकडा साठ, तो बरोबर. मग बोट खाली सरकतं, नावावर थांबतं. दुसरीतलं पोरगं, इंग्रजी अक्षरं जेमतेम ओळखीची. एकेक अक्षर तोंडातल्या तोंडात लावत जातो, अडतो, पुन्हा पहिल्यापासून येतो. तरुणांना घाई आहे. तो घाई करत नाही. शेवटी मान वर करतो. "हां, पप्पाच हायत." अंडी कागदात बांधली जातात. दुसरीतलं पोर इतक्या जिवाच्या आकांतानं काही वाचताना मी कधी बघितलेलं नाही.

दुपारी एकला बाजार उठतो. पोरं व्हरांड्यात ओळीनं बसतात, पुढ्यात वही आणि चिल्लर. हा भाग सरांचा आवडता, आणि इथंच गंमत होते. तागडीवर राजा असलेला वाटाणेवाला वहीवर पार गळतो. घरून सुट्ट्यांसाठी पन्नास आणले होते, आता गल्ल्यात तीनशे दहा आहेत, तर विक्री किती? त्यानं उभी मांडणी केलीय, हातचा घेतलाय, कुठून घेतला ते विसरलाय, आणि उत्तर आलंय तीनशे साठ.

"घरून आणलेले धरून तीनशे दहा," सर म्हणतात, "मग नुसती विक्री तीनशे साठ कशी?"

तो गप्प.

२०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच छापलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तोंडी सौदे चोख करतात, पण कागदावरच्या शाळेतल्या गणिताशी अडतात. उलट, शाळेतल्या मुलांना कागदावरचं जमतं, आणि त्यांना बाजारात उभं केलं की ती गोंधळतात. एका दारातून आत आलेलं दुसऱ्या दारापर्यंत आपोआप पोचत नाही. सरांनी हा लेख वाचलेला नाही. ते पोराजवळ मांडी घालून बसतात आणि वही बाजूला सारतात. "मी गिऱ्हाईक. पन्नासचा माल घेतला, तीनशे दहा दिले. मला परत किती?"

"पन्नास नि पन्नास शंभर," पोरगा चिल्लरीवर हात ठेवून सुरू करतो, "नि दोनशे तीनशे, नि धा. दोनशे साठ."

"आता जसं बोललास तसंच लिही."

तो लिहितो: पन्नास, दोनशे, दहा. एकाखाली एक. बेरीज करतो. मग मघाची वजाबाकी खोडतो. खोडायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

बोरंवाल्याचं दुखणं वेगळं. "शेवटच्या वाट्यांत भाव पाडला, म्हणून एकोणसत्तर आले," तो सांगतो आणि लिहितो ५९. एकोणात बसलेला 'एक कमी' तो ओळखतो, पण सत्तराच्या आधीचं घर साठाचं की पन्नासाचं इथं घसरतो. या भाषेत त्रेपन्न म्हटलं की आधी तीन ऐकू येतो आणि लिहायचा असतो आधी पाच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. मी तेव्हा हसणाऱ्यांत होतो. आज हा पोरगा नाणी पुन्हा मोजतो, सहा दहाचे गठ्ठे लावतो, वर नऊ उरतात, आणि म्हणतो, "साठ नऊ." मग मान हलवतो, "एकोणसत्तर." दोन्ही त्याचीच आहेत.

"नाणेघाटात पण असंच होतं ना सर?" मागून कुणीतरी विचारतं. सहल मागच्या महिन्यात झालीय. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेच्या लेखात दानाचे आकडे कोरलेत: गाई, हत्ती, कार्षापणं. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला आणखी वेगळी, शून्य नाही. "गठ्ठे!" बोरंवाला म्हणतो. सहलीतला त्याला फक्त घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आठवत होता. त्यात उतरायला बघितलं म्हणून ओरडा खाल्लेला.

मी मिसळ संपवतो, मोटारसायकलीपाशी येतो. हेल्मेट डोक्यात घालतोय तोच व्हरांड्यातून आवाज येतो.

"ओ काकाऽ!"

मी वळून बघतो. आईचा स्वेटर, लाल रिबिनी. हातात वही आणि दोन जुड्या.

"अठरा जुड्या गेल्या. दोनशे सत्तर पाहिजेत. दोनशे पासष्टच हायत." ती धापा टाकतेय. "तीनदा मोजले. तुमचे पाच राहिलेत."

मी साफ विसरलो होतो. खिसे चाचपतो. वाटाण्याचे आणि मिसळीचे पैसे मघा सरांनी दिले, माझ्याकडे तीच पाचशेची नोट.

ती नोटेकडे बघते. सकाळी अशीच बघितली होती. मग हातातल्या दोन जुड्या माझ्या हँडलला अडकवते. "मग ह्या दोन पण घ्या. पस्तीस झाले. सुट्टे मी आणते."

नोट घेऊन ती व्हरांड्यात जाते. वाटाणेवाल्यापुढे उभी राहते, मग अंडीवाल्यापुढे, मग भेळवालीपुढे. काही बोलतेय. भेळवाली नाही म्हणते, ही तिथंच उभी राहते, भेळवाली पुन्हा डबा उघडते. परत येते तेव्हा तिच्या मुठीत नोटा आणि नाणी दोन्ही आहेत. माझा हात पुढे करायला लावते आणि तळहातावर एकेक ठेवत जाते.

"पस्तीस. नि हे पाच, चाळीस. नि हे साठ, शंभर. नि हे चारशे, पाचशे." वर बघते. "मोजून घ्या."